सातपुड्यापलीकडचा आवाज

वरणगाव म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे आमची ऑर्डनन्स फॅक्टरी. भुसावळहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की दहा-पंधरा किलोमीटरवर आमचं गाव येतं. साठच्या दशकात इथे बंदुकीच्या गोळ्यांचा कारखाना आला आणि त्याच्यामागोमाग सगळा देशच आला म्हणा ना! वसाहतीत एका जिन्यात बंगाली, दुसऱ्यात तेलुगू, तिसऱ्यात भोजपुरी. गावात मात्र आमची लेवा गणबोली. हिवाळ्यात आलात, तर बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ल्याशिवाय कुणी तुम्हाला सोडायचं नाही.

पाऊस उघडला की गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. तिकडे पावरा, भिल्ल, तडवी यांची वस्ती. कापूस वेचायला, केळीच्या बागांत कामाला ही कुटुंबं खाली आपल्याकडे उतरतात. घरचं आवरून मी अर्धा वेळ शाळेत शिकवते, तिथे अशी एक पावरा मुलगी होती. वर्गात तोंडातून शब्द नाही, आणि मधल्या सुट्टीत धाकट्या भावाशी अखंड बडबड! तिची आई आली तेव्हा मी लसीचं सांगितलं, दाखल्याचं सांगितलं. प्रत्येक वाक्याला ती "हो" म्हणत होती. पण ते "हो" समजल्याचं नव्हतं हो, नुसतं आदबीचं होतं.

अशा बाईला तिच्या भाषेत कोण सांगणार? छापील पत्रक तिच्या कामाचं नाही. टीव्ही बोलतो तो मराठी नाहीतर हिंदी. जळगाव आकाशवाणी साऱ्या जिल्ह्याची, ती एकेका पाड्याला किती पुरणार? बरं, नुसतं सांगण्याचाच प्रश्न नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांच्या ओव्या उतरवून ठेवल्या म्हणून १९५२ साली, त्यांच्या पश्चात, पुस्तक निघालं. ज्यांच्या घरी उतरवून घेणारं कुणी नाही, त्या बायांची गाणी कुठे जात असतील?

याचं एक उत्तर आमच्यापासून फार लांब नाही. भुसावळला खंडव्याकडे जाणारी गाडी धरा. रावेरपर्यंत दोन्ही बाजूंना केळीच केळी, मग बऱ्हाणपूर, मग कागदाच्या गिरणीचं नेपानगर, आणि दोन-अडीच तासांत खंडवा. त्याच जिल्ह्यात खालवा नावाचं गाव आहे, कोरकू लोकांच्या मुलखातलं. कोरकू ही भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या घरातली नव्हेच, बरं का! तिच्या सख्ख्या बहिणी मुंडारी आणि संथाळी, त्या पार झारखंडात. मध्य प्रदेशच्या आदिवासी खात्याने २०११ च्या सुमारास 'वन्या' या नावाने आदिवासी भागांत छोटी रेडिओ केंद्रं सुरू केली. त्यांत खालव्याचं कोरकूसाठी, तर भाबऱ्याचं भिलीसाठी. यंत्रांचा पैसा सरकारचा, आणि त्यातून बोलायची ती त्या त्या मुलखाची भाषा.

याला म्हणतात सामुदायिक रेडिओ. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. पण सामाजिक संस्थांना रेडिओची परवानगी मिळायला २००६ साल उजाडलं. मधल्या काळातली हैदराबादपलीकडच्या माचनूर गावातल्या बायांची हकिकत ऐका. दलित शेतकरी बाया त्या. युनेस्कोच्या मदतीने १९९८ पर्यंत त्यांच्याकडे स्टुडिओ झाला, यंत्रं आली. पण परवाना नाही! मग त्या गाणी, बियाण्यांच्या गोष्टी टेपवर भरायच्या आणि गावोगावी नेऊन वाजवून दाखवायच्या. अशी दहा वर्षं गेली. शेवटी १५ ऑक्टोबर २००८ ला 'संघम रेडिओ' हवेत गेला. आपल्या म्हसवडच्या बायांची 'माणदेशी तरंग वाहिनी'ही त्याच सालची.

आता आपण बायका पहिला प्रश्न विचारणार तो पैशाचा! ट्रान्समीटर, मनोरा, माइक, मिक्सर, संगणक, वीज गेली तर इन्व्हर्टर, यादी वाढतच जाते. केंद्र सरकार यासाठी अनुदान देतं. आधी ते निम्म्या खर्चाचं होतं. २०१७ साली ते ७५ टक्के करायचं ठरलं, ईशान्येकडच्या राज्यांना ९० टक्के, आणि वर कमाल मर्यादा साडेसात लाखांची. म्हणजे दहा लाखांची यंत्रं घेतली तर अडीच लाख पदरचे. पाड्यावरच्या संस्थेने ते आणायचे कुठून? मला विचाराल तर ९० टक्क्यांची सवलत सातपुड्यालाही हवी. डोंगर काय तिकडेच असतात?

आणि खरं कोडं पुढेच आहे. लग्नात आहेर म्हणून मिक्सर मिळतो, पण त्याचं वीजबिल आणि दुरुस्ती आहेर देणारा भरत नाही. तसंच हे. यंत्रांचं अनुदान यंत्रांपुरतं. बोलणाऱ्या मुलींचा पगार, बिल, पावसाळ्यात वीज पडून काही जळलं तर तो खर्च, आणि लहरींची वार्षिक फी. २०१२ साली ही फी १९,७०० वरून एकदम ९१,००० केली होती. केंद्रांनी ओरड केली तेव्हा ती मागे घेतली. २०२४ मध्ये जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मुभा मिळाली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये झाला. पण पाड्यावर जाहिरात देणारं दुकान तरी कोणतं असणार?

दूर बोलिव्हिया देशात कथिलाच्या खाणकामगारांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःच्या पगारातून वर्गणी काढून रेडिओ केंद्रं चालवली. त्यांत आदिवासी भाषाही बोलल्या जायच्या. फॅक्टरीच्या गावात राहणाऱ्या मला हे फार जवळचं वाटतं. पगारदार घरांनी महिन्याला थोडे थोडे बाजूला काढले, तर एका केंद्राचं वीजबिल सहज निघेल.

मात्र एक लक्षात ठेवा. या रेडिओची ताकद साधारण १०० वॅट, मनोरा ३० मीटरपर्यंत, आवाज जातो दहा-पंधरा किलोमीटर. वरणगावात बसून आपण पाड्यासाठी रेडिओ चालवू, असं होणार नाही. केंद्र डोंगराच्या कुशीतच हवं आणि माइकपुढे बसणारी बाईही तिथलीच. आपलं काम बाजूचं: वर्गणी, हिशेब, अर्जाचे कागद. अर्ज करणारी संस्था नोंदणी होऊन किमान तीन वर्षं काम करणारी लागते. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल, तर माहिती व प्रसारण मंत्रालयाचे ताजे नियम आधी नीट वाचून घ्या आणि यंत्रांसोबत पहिल्या दोन वर्षांच्या चालू खर्चाचा आकडाही कागदावर मांडा. त्याच्याशिवाय एकही वस्तू विकत घेऊ नका. बंद पडलेल्या यंत्रावर धूळ बसायला वेळ लागत नाही.

ती पावरा मुलगी हंगाम संपल्यावर आईबरोबर परत गेली. लसीची पुढची तारीख तिच्या आईच्या लक्षात राहिली असेल का, ते मला माहीत नाही. तिच्या बोलीत कुणी रोज संध्याकाळी ती सांगत असतं, तर हा प्रश्न मला पडलाच नसता.