जे नंतर बदलता येत नाही, ते आधी

माझी भाची कराडजवळच्या खेड्यात राहते. 2023 च्या पावसाळ्यात ती सिव्हिलच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गेली आणि तिचा फोन आला. "मामा, आता ऑटोकॅड आहे, स्केचअप आहे. लॅबमध्ये मशीन मिळतं तेवढ्या वेळात शीट पुरी होत नाही. घरी कॉम्प्युटर लागणारच." दाजींनी आल्याच्या पिकाच्या पैशांतून 40 हजार बाजूला काढून ठेवले होते. मॉनिटर आणि यूपीएस धरून सगळं त्यात बसवायचं होतं. संगणक जोडण्याची मला जुनी आवड, त्यात संगणकाच्या भागांचा मुंबईतला बाजार, लॅमिंग्टन रोड, लोकलच्या अंतरावर. त्यामुळे निवडीचं काम माझ्याकडे आलं.

त्याआधी गावाकडच्या एका दुकानदाराने दाजींना एक पॅकेज सांगितलं होतं: आय-सेव्हन, 16 जीबी रॅम, मोठा मॉनिटर, सगळं मिळून 22 हजार. ऐकायला फारच छान. मी भाचीला म्हटलं, "नुसतं आय-सेव्हन नको, पुढचा आकडा विचारून घे." तिने विचारलं. आकडा निघाला 3770. हा प्रोसेसर 2012 चा. आय-सेव्हन हे नाव 2008 पासून चालत आलं आहे, त्यामुळे नुसत्या नावावरून मशीन कालचं की दहा वर्षांपूर्वीचं हे कळत नाही. त्याला रॅम लागते डीडीआर-3, म्हणजे जुन्या पिढीची. विंडोज 11 च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, हा तिसऱ्या पिढीचा. मशीन चालू झालं असतं, यात शंका नाही. पण पुढे त्यात भर घालायला जागाच नव्हती. दाजींना हे पटलं.

कमी पैशांत संगणक जोडताना मी एकच नियम धरतो. जे नंतर वाढवता येतं त्यासाठी थांबायचं आणि ज्यावर बाकी सगळं अवलंबून असतं त्यात काटकसर करायची नाही. हार्ड डिस्क, ग्राफिक कार्ड, जादा रॅम या गोष्टी पुढच्या वर्षी बसवता येतात. मदरबोर्ड किंवा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, बदलायचा तर सगळं मशीन उघडावं लागतं.

प्रोसेसरसाठी दोन नावं समोर होती, इंटेलचा आय-थ्री 12100 आणि एएमडीचा रायझन 5 5600जी. पहिल्यात 4 कोअर, दुसऱ्यात 6. ऑटोकॅडमधलं रेखाटनाचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं आणि एका कोअरच्या वेगात आय-थ्री पुढे आहे. शिवाय तो स्वस्तही. भाचीला फक्त प्लॅन काढायचे असते तर मी तोच घेतला असता. पण तिला स्केचअपमध्ये घर फिरवून दाखवायचं होतं, रेंडर काढायचे होते. रेंडरला जितके कोअर तितके कामाला येतात. मॉडेल अडखळल्याशिवाय फिरायला ग्राफिक्स बरं लागतं आणि 5600जीच्या पोटातलं ग्राफिक्स आय-थ्रीपेक्षा बरंच सरस आहे. वेगळं ग्राफिक कार्ड बजेटमध्ये बसतच नव्हतं. म्हणून 5600जी घेतला, साधारण साडेअकरा हजारांना. घेताना बॉक्स पीसच मागितला. पंखा त्यात येतो आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटीही मिळते. खोक्याविना सुटा मिळणारा ट्रे पीस थोडा स्वस्त पडतो, पण पुढे काही झालं तर भिस्त दुकानदाराच्या शब्दावर.

बोर्ड बी450 चिपसेटचा. हा चिपसेट 2018 चा आणि प्रोसेसर 2021 चा, त्यामुळे बोर्डात जुनं बायोस असेल तर हा प्रोसेसर त्याला ओळखूच येत नाही. खोक्यावर 5000 मालिकेचा स्टिकर आहे की नाही, हे बघूनच बोर्ड घेतला. रॅमचे चार स्लॉट असलेला घेतला. दोन स्लॉटचा हजारभर रुपयांनी स्वस्त होता, पण रॅमच्या दोन पट्ट्यांनी ते दोन्ही भरले की पुढे रॅम वाढवायची तर आधीची काढून टाकावी लागते.

रॅम घेताना 16 जीबीची एक पट्टी न घेता 8 जीबीच्या दोन घेतल्या. 3200 वेगाची डीडीआर-4 एका चॅनेलवर सेकंदाला 25.6 जीबी माहिती वाहून नेते, दोन चॅनेलवर 51.2. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधून घेतं. त्यामुळे अशा मशीनमध्ये दोन पट्ट्यांचा फरक स्क्रीनवर दिसतो. किमतीत मात्र फारसा फरक नव्हता. साठवणीला 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी घेतली. साध्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला 550 एमबीपाशी अडतो, हिचा त्याच्या कितीतरी पट. मोठी हार्ड डिस्क मुद्दाम टाळली, ती नंतर घेता येणार होती.

सगळ्यात जास्त वेळ गेला एसएमपीएसवर. कॅबिनेटसोबत "450 वॅट फुकट" असं एका दुकानात सांगितलं. मी तो हातात घेतला. वजनाला हलका. वरचा 450 चा आकडा ठळक होता, पण बाजूला बारीक अक्षरांत एक तक्ता होता. त्यात 12 व्होल्टसमोर लिहिलं होतं 16 अँपिअर. बाराला सोळाने गुणा, 192 वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड आपली वीज मुख्यतः या 12 व्होल्टवरूनच घेतात, म्हणजे उपयोगाचे वॅट एवढेच. शेजारच्या दुकानातल्या 80 प्लस ब्राँझ एसएमपीएसवरही 450 च होतं, पण तक्त्यात 36 अँपिअर, म्हणजे 432 वॅट. त्याला तीन हजारांच्या वर मोजावे लागले. आम्ही जोडत होतो ते मशीन एवढी वीज ओढणार नव्हतं, पण गावाकडे व्होल्टेज वरखाली होतं, वीज जाते आणि झटक्यात येते. तो झटका आधी एसएमपीएस झेलतो. तो कच्चा असेल तर जाताना बोर्डही घेऊन जातो. शेतातून आलेल्या पैशांचं मशीन अशा जोखमीवर सोडायला माझं मन तयार नव्हतं.

कॅबिनेट साधं घेतलं, समोरून जाळी असलेलं. काच नाही, रंगीत दिवे नाहीत. उरलेल्या पैशांत 22 इंची आयपीएस मॉनिटर, 600 व्हीएचा यूपीएस आणि कीबोर्ड-माऊस बसला. प्रत्येक भागाचं जीएसटी बिल सीरियल नंबरसह घेतलं.

जोडणी दुकानात केली नाही. खोकी घेऊन गावी गेलो आणि भाचीला बसवलं. एएम4 च्या प्रोसेसरला खाली पिना असतात. एका कोपऱ्यावर बारीक सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवरही. तिने सॉकेटची काडी वर केली, त्रिकोणाला त्रिकोण जुळवला आणि प्रोसेसर नुसता ठेवला. तो आपोआप आत बसला. तिने विचारलं, "दाबायचं नाही?" नाही. जोर लावावा लागला तर काहीतरी चुकतंय, एवढंच लक्षात ठेवायचं. रॅम मात्र दोन्ही बाजूंनी खट्ट आवाज येईपर्यंत दाबावी लागते, तीही दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पॉवर बटणाच्या बारीक वायरी तिने बोर्डाचं पुस्तक बघून एकटीने लावल्या. पडद्यावर बायोस उमटलं तेव्हा दाजी दारातून बघत होते. "म्हणजे बिघडलं तर हीच उघडणार," ते म्हणाले. मला नेमकं हेच हवं होतं. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना मोफत मिळतं, ते तिने त्याच रात्री उतरवून घेतलं.

डिप्लोमा संपवून ती आता कराडला एका आर्किटेक्टकडे काम करते. मोठी डिस्क तिने मधल्या काळात स्वतः बसवली आणि 2025 च्या दिवाळीत पगारातून कमी वीज खाणारं ग्राफिक कार्ड. बोर्ड तोच, एसएमपीएस तोच.

भाव बदलत राहतील, प्रोसेसरची नावंही बदलतील. पण मुलांसाठी संगणक घ्यायला निघालेल्या प्रत्येक आईवडिलांना माझं सांगणं एकच आहे. पॅकेजचा भाव विचारू नका, भागांची यादी मागा. प्रोसेसरचा पूर्ण आकडा लिहून घ्या, एसएमपीएसवरचा बारीक तक्ता वाचा, प्रत्येक वस्तूचं बिल घ्या. आणि जोडताना मुलांना शेजारी बसवा, विशेषतः मुलींना.