हिरवे चौकोन

पुणे, रविवार

चि. सोनू,


परवा ताईचा फोन आला. तू रात्र रात्र जागून गिटहबवरचे रोजच्या कमिटचे हिरवे चौकोन भरतोयस, त्याशिवाय नोकरी नाही असं तुला कुणी सांगितलंय म्हणे. म्हणून लिहायला बसले.

गिटहबचा उपयोग होतो, हे खरं. तुझ्या कॉलेजात मोठ्या कंपन्या फिरकत नाहीत, आणि रेझ्युमे सगळ्यांचे सारखेच: जावा, पायथन, एसक्यूएल. त्यात उघडून बघण्यासारखं काही असलं की मुलाखत घेणारी मी थांबते. पण चौकोन मोजत नाही. गिटमध्ये कमिटला हवी ती तारीख घालता येते. वर्षभराची हिरवळ एका दुपारीही उगवते.

मागे एका मुलीचा प्रोजेक्ट उघडला. गावच्या दूध संकलनाचा हिशेब. फॅट ३.५ च्या खाली गेली की दर पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, पैसे कापायचे. रीडमीत तिनं स्वच्छ लिहिलं होतं, ३.२ फॅटला तीनऐवजी दोनच पॉइंट कापले जातात, कारण सापडलेलं नाही. पुढच्या कमिटमध्ये कारण होतं: ३.५ मधून ३.२ वजा केले की कॉम्प्युटरच्या हाती नेमके ०.३ येत नाहीत, ०.२९९९ असं काहीतरी येतं. त्याला ०.१ नं भागून पूर्णांक घेतला की तिनाचे दोन होतात. तिनं सगळा हिशेब दहापट करून पूर्णांकातच मांडला. मुलाखतीचा अर्धा वेळ आम्ही त्या एका चुकीवरच बोललो. किती छान बोलली पोरगी!

आणि ज्यांचं काहीच ऑनलाइन नाही त्यांचं काय? माझ्या टीममधला सगळ्यात भरवशाचा माणूस पंधरा वर्षं बँकांची सॉफ्टवेअर लिहितोय. त्याचा कोड कंपनीचा, बाहेर दाखवायची सोय नाही. संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक, मुलांचा अभ्यास बघणाऱ्या मुली रात्री प्रोजेक्ट कधी करणार? ‘प्रोफाइल नाही म्हणजे आवड नाही’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो, आणि मी तो बोलून दाखवते. गिटहब आलंच २००८ मध्ये. त्याआधीही माणसं पारखून घेतच होतो.

तुझा तो एसटीच्या वेळापत्रकाचा प्रोग्रॅम अर्धवट पडलाय ना? तो पुरा कर. जिथे अडतो ते रीडमीत लिही, मराठीत सुचलं तर आधी मराठीत लिहून काढ. लिंक पाठव, पुढच्या रविवारी मी चालवून बघते. आणि आज रात्री झोप.

तुझी,
मावशी