डब्यातलं रान

आमच्या नावावर सात-बारा नाही. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. १९५९ ला आणि १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीन उठले, तुरुंग भरले. आमच्या आज्याच्या हाती मात्र खुरपंच राहिलं, ते बी दुसऱ्याच्या रानात. तेव्हा मी बागेवर लिहितोय म्हणून कुणी हसू नये. बंगल्यापुढच्या हिरवळीशी आपलं देणंघेणं नाही.

वस्तीत मोरीच्या कडेला मायचे दोडक्याचे दोन वेल असायचे. बी कुठलं? ती म्हणायची, "बी काय इकत घ्यायचं असतंय व्हय? येलाचं चांगलं फळ मोडू नाय, वाळू द्यावं." वाळका दोडका आढ्याला टांगलेला असे. भेंडी-गवारीचं बी राखेत घोळून गाडग्यात. राखेनं भुंगा लागत नाही. गावातल्या मोठ्या घरची एक बाई ते बी न्यायची. ताजा दोडका दिला तर हात आखडायची, बी मात्र भुईवर ठेवायला लावून उचलायची. वाळल्या बियाला इटाळ नसतो म्हणे!

आता शहरात दहा बाय बाराची खोली, दारापुढं गटार. तरी जागा नाही म्हणू नका. तेलाचा रिकामा डबा घ्या. बुडाला खिळ्यानं पाच-सात भोकं पाडा, नाहीतर मुळं कुजतात. निम्मी माती, निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत. वाण्याकडची मूठभर मेथी रात्री भिजवून सकाळी पेरा. चार दिवसांत कोंब, महिन्याभरात भाजी. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाका करा. ते आठ-दहा दिवस तोंड दाखवत नाहीत, उकरून बघू नका. घरातली वाळकी लाल मिरची फोडली की रोपं फुकट. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल, बस्स.

दुकानातलं संकरित बी पहिल्या साली भरघोस येतं. त्याचंच बी धरलं तर पुढचं पीक तसं येत नाही. म्हणजे दरसाल दुकानदाराच्या दारात. दारात उभं राहणं आपण पुष्कळ केलंय. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा हक्क दिला. त्यात शेतकरी म्हणजे जमीन स्वतः कसणारा, सात-बारा मागितलेला नाही. माय अडाणी, पण त्या कायद्याच्या कितीतरी आधी तिच्या आढ्याला दोडका होता.

त्याच वाणाचं बी माझ्याकडं आहे. लागलं तर न्या. पुढच्या साली तेवढंच परत आणा.