सव्वीस लिटर हवा

आमच्या घरात पखवाज आहे. अण्णा तरुणपणापासून सासवडजवळच्या आमच्या गावच्या भजनी मंडळात तो वाजवतात. बसण्याआधी ओली कणीक मळून धुमेवर, म्हणजे डाव्या बाजूवर, थापायची, थाप मारून बघायची, लागली तर थोडी काढायची, हे मी लहानपणापासून पाहत आलो. त्यामुळे पखवाज म्हटला की मला आधी डाव्या हाताचा तो घुमारा आठवतो, बोल नंतर.

माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये भजन लावलं की नेमका तोच हरवायचा. दारातल्या स्पीकरमधून टाळ लख्ख यायचे, गळा यायचा, शाईची बाजूही ऐकू यायची. धूम मात्र गायब. आवाज वाढवला तर दाराचं पॅनल थरथरायचं, घुमारा येत नसे.

याचं कारण स्पीकरच्या पाठीत आहे. पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दाराच्या पत्र्याला भोकं असतात. तिथून मागची लाट पुढे येते आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. खालच्या सुरांच्या लाटा लांब असतात, म्हणून हा फटका त्यांनाच सर्वाधिक बसतो. मागची लाट कोंडायची तर खोकं हवं, आणि गाडीत खोक्याला जागा एकच: डिकी.

बाजारात तयार खोकी मिळतात, पण मला माझ्या स्पीकरच्या मापाचं हवं होतं. बंद खोक्यातली हवा पडद्यामागे स्प्रिंगसारखी काम करते, या तत्त्वावर अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये स्पीकर बाजारात आणला. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकर आणि खोकं यांचं गणित मांडलं. आज कुठल्याही बऱ्या सबवूफरच्या कागदावर त्यांच्या पद्धतीचे आकडे छापलेले असतात. त्या आकड्यांवरून स्पीकरला किती लिटर हवा लागते ते काढता येतं. माझ्या दहा इंची सबवूफरला चोवीस लिटरच्या आसपास हवी होती.

नळी बसवलेल्या पोर्टेड खोक्यात ठरावीक पट्टीत आवाज मोठा मिळतो, पण ते जास्त जागा खातं आणि त्या पट्टीच्या खाली आवाज झपाट्याने कोसळतो. बंद खोक्याचा उतार सौम्य असतो, सप्तकामागे साधारण १२ डेसिबल. गाडीची केबिन लहान असल्यामुळे साधारण ६० हर्ट्झच्या खाली ती स्वतःच सूर उचलून धरते, आणि तेही जवळपास याच प्रमाणात. खोक्याचा उतार आणि केबिनचा चढ एकमेकांना सांभाळून घेतात. मी बंद खोकं ठरवलं ते यासाठी.

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचा प्लाय आणला. आतलं माप ४८ बाय ३० बाय १८ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम सव्वीस लिटर. त्यातून स्पीकरचं मॅग्नेट आणि मधला आधार वजा केला की हवे तेवढे उरतात. स्टेपनी काढता यावी म्हणून खोकं सुटं ठेवलं, पण खाली पत्र्याला पट्ट्यांनी घट्ट बांधलं. अचानक ब्रेक लागला तर एवढं वजन मागच्या सीटवर आदळता कामा नये.

सुतारकाम शेजारच्या मिस्त्रींच्या शेडमध्ये झालं. ते स्वयंपाकघराचं फर्निचर करणारे. सगळ्या सांध्यांना फेविकॉल, स्क्रू आणि आतून सिलिकॉनची धार पाहून त्यांनी विचारलं, "साहेब, यात पाणी भरणार आहात का?" मी म्हटलं, "हवा भरायचीय मिस्त्री, आणि ती सुटायला नको." स्पीकर बसवल्यावर पडदा तळहाताने हलकेच दाबला. सोडल्यावर तो सावकाश वर आला. खोक्यात मोठी गळती नाही, याची ही साधी परीक्षा. मिस्त्रींनी स्वतः दाबून पाहिलं आणि मग झाकणाच्या कडा आपणहून पुन्हा घासून दिल्या.

विजेच्या कामात मी काटकसर केली नाही. ३०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर भरात असताना पंचवीस-तीस अँपिअर ओढतो. तपकीर गल्लीत वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून पाहिलं, कारण तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायरही वरून तशीच दिसते. १६ स्क्वेअरची शुद्ध तांब्याची घेतली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज बसवला. हा फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. वायर कुठे पत्र्याला घासून सोलली तर आग लागण्याआधी तो उडतो. म्हणून तो बॅटरीच्या जवळच हवा. अर्थिंगसाठी डिकीतला रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर बोल्ट आवळला. पॉवरची वायर गाडीच्या एका अंगाने आणि सिग्नलची दुसऱ्या अंगाने नेली, म्हणजे इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी आवाजात शिरत नाही.

मग गेन. बरेच जण गेनच्या बटणाला व्हॉल्यूम समजून फिरवतात. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद आणि स्टिरिओचा सिग्नल यांचा मेळ घालणं एवढंच त्याचं काम. ३०० वॉटला माझ्या स्पीकरच्या २ ओहमने गुणून वर्गमूळ काढलं की साडेचोवीस व्होल्ट येतात. स्पीकर सोडवून, ५० हर्ट्झचा सूर लावून, मल्टिमीटरवर तेवढे दिसेपर्यंतच गेन वाढवला. ८० हर्ट्झच्या खालचं सबवूफरला आणि वरचं दारांना अशी वाटणी केली. दारं हलकी झाली तसा गायकाचा आवाजही मोकळा झाला, हे मला अनपेक्षित होतं. नंबर प्लेटच्या मागे आणि डिकीच्या पत्र्याला ब्यूटाइलच्या चिकट पट्ट्या लावल्यावर बाहेरची खडखड थांबली.

अण्णांना शेजारी बसवून मंडळाचं सप्ताहातलं, चांगल्या माइकवर केलेलं रेकॉर्डिंग लावलं. काचा बंद, आवाज घरात बोलतो त्याहून जरासा वर. थोडा वेळ त्यांची बोटं मांडीवर चालली, मग थांबली. म्हणाले, "हा माझाच पखवाज. धूम चढी लागतेय. त्या दिवशी कणीक कमी पडली होती."

दारातल्या स्पीकरवर त्यांनी हेच रेकॉर्डिंग किती वेळा ऐकलं होतं, पण कणीक कमी होती हे त्यात कळायला जागाच नव्हती. शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं गेल्यावर उरते ती फक्त थाप.

सबवूफर म्हटलं की लोकांना चौकात काचा हादरवणारी गाडी आठवते, आणि ती तक्रार खरी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. खालचे सूर भिंतींतूनही आरपार जातात, म्हणून ही हौस करणाऱ्यावर शेजाऱ्यांची जबाबदारी जास्त येते. मला हा दणका नको होता, आणि चांगल्या खोक्याला तो लागतही नाही. नीट बांधलेला बेस हळू आवाजातच जास्त कळतो.

आता भाचा आपल्या गाडीसाठी विचारतो, "मामा, किती वॉटचा घेऊ?" मी त्याला आधी डिकी मोजायला लावतो, मग स्पीकरच्या कागदावरचे आकडे वाचायला, मग फ्यूज कुठे बसेल ते दाखवायला. वॉट शेवटी ठरतात. पुढच्या रविवारी आम्ही दोघं मिस्त्रींकडे त्याचा प्लाय कापायला जाणार आहोत.