डबा बदलला, पाणी तसेच राहिले

मागच्या पावसाळ्यात आमची गाडी अकरा दिवसांत दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा आम्हाला एकच उत्तर मिळाले : "ईसीएम गेला." पहिल्या वेळी आम्ही ते मुकाट्याने मान्य केले. दुसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या माणसाने आमच्या वतीने प्रश्न विचारला. या दोन वेळांमध्ये आमचे पैसे गेले, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे भरवसा गेला. म्हणून हा लेख.

गाडी आम्हा चौघा मित्रांची. सात सीटची, पेट्रोल-सीएनजी, सेकंड हॅन्ड. हप्ता महिन्याला ९,४०० रुपये. गाडी भाड्याने चालते. हप्ता आणि खर्च भागून जे उरते त्यातून वस्तीतल्या अभ्यासिकेचे वीजबिल आणि वर्तमानपत्रांचे पैसे निघतात. आठवड्यातून दोनदा शेजारच्या गावातल्या एका मावशीला डायलिसिससाठी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचे, हे आमचे कायमचे काम. जुलैतल्या एका सकाळी मावशी गाडीत बसलेल्या असतानाच गाडी रस्त्यात थांबली. सेल्फ मारला की इंजिन फिरे, पण पकडत नव्हते. मावशींना शेवटी एसटीत बसवून दिले. त्या दोन तास उशिरा पोचल्या. आम्हाला काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वेळी त्यांच्या मुलाने दुसरी गाडी सांगितली.

गाडी ओढून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनर लावला. यू-०१०० असा कोड आला. काउंटरवरच्या साहेबांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि सांगितले, ईसीएम गेला, नवीन टाकावा लागेल, ३८,००० रुपये. का गेला, असे आम्ही विचारले. "इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, जाते," एवढेच उत्तर मिळाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ईसीएम म्हणजे इंजिनाचा कारभार पाहणारा छोटा संगणक. हवा किती आली, इंजिन किती तापले, ॲक्सिलरेटर किती दाबला, हे सेन्सर त्याला कळवतात. त्यावरून इंधन किती सोडायचे आणि ठिणगी कधी पाडायची, हे तो ठरवतो. आमच्या गाडीत हा डबा ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या पायाजवळ, डॅशबोर्डखाली आहे.

३८,००० आमच्याकडे नव्हते. जुन्या पार्टच्या बाजारातून त्याच पार्ट नंबरचा वापरलेला ईसीएम ७,५०० ला आणला. बसवला. गाडी चालू झाली आणि दोन सेकंदांत बंद पडली. परत चालू, परत बंद. मग कळले की चावीतल्या चिपचा सांकेतिक क्रमांक ईसीएमला ओळखावा लागतो, नाहीतर तो इंधन तोडतो. चोरी होऊ नये म्हणून ही सोय. चावीची ओळख करून द्यायला आणखी ३,५०० गेले. गाडी धावू लागली. अकराव्या दिवशी रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी गाडी पुन्हा मेली. पुन्हा तोच कोड.

या वेळी आम्ही गेलो ते बसस्टँडमागच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी स्कॅनर लावला, कोड पाहिला आणि बाजूला ठेवून दिला. म्हणाले, हा कोड ईसीएम मेला असे सांगत नाही. गाडीतल्या बाकीच्या युनिटला ईसीएमचा आवाज ऐकू येत नाही, एवढेच सांगतो. तो मेला असेल, उपाशी असेल किंवा मधली वायर तुटली असेल. मग त्यांनी साधा मल्टिमीटर काढला. आधी ईसीएमला बॅटरीचे बारा व्होल्ट पोचतात का ते पाहिले. मग आमच्यातल्या एकाला सेल्फ मारायला लावून बॅटरीच्या निगेटिव्हपासून ईसीएमच्या अर्थपर्यंत किती व्होल्ट गळतात ते मोजले. हे सेल्फ मारतानाच मोजायचे, कारण वायरीची एकच तार शिल्लक असली तरी बंद गाडीत मीटर "ठीक" म्हणतो. मग बॅटरी काढून संदेशाच्या दोन वायरींमधला रोध पाहिला. तो साठ ओहमच्या आसपास हवा. तिन्ही ठीक निघाले. तेव्हा त्यांनी ईसीएमचा कपलर ओढला. पिनांवर हिरवा गंज. हात खाली नेऊन कार्पेट दाबले, तर पाणी वर आले.

चाचांनी विचारले, "पानी कहाँ से आया, ये किसी ने देखा?"

कोणीच पाहिले नव्हते. वायपरखालची जाळी काढली. खाली लिंबाच्या पानांचा लगदा बसला होता आणि पाणी जायचे भोक बुजले होते. साचलेले पाणी वायरिंगच्या अंगाने आत येऊन थेट कपलरमध्ये उतरत होते. पहिला ईसीएम त्याच पाण्याने मेला. दुसरा आम्ही त्याच पाण्यात नेऊन बसवला. ३८,००० चा कोरा बसवला असता तर तोही गेला असता.

चाचांनी भोक मोकळे केले, रबर बदलले, गंजलेल्या पिना नव्या टाकल्या आणि वायरिंगला कपलरच्या खाली एक झोळ दिला, म्हणजे थेंब आलाच तर तिथून खाली गळेल. दुसरा ईसीएम उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला आणि वाळवला. तो जगला. सगळे मिळून १,८०० रुपये. गाडी आजही त्यावरच चालते.

आता मुद्द्याचे बोलू. काही मित्र विचारतील, हा गॅरेजचा विषय इथे कशाला? मित्रांनो, आम्हाला आमचीच लाज वाटली म्हणून. पोथी पाहून सांगणाऱ्याला "कशावरून?" असे विचारणारे आम्ही, स्कॅनर पाहून सांगणाऱ्यापुढे गप्प बसलो. समोर काचेचे काउंटर होते, संगणक होता, इंग्रजीत कोड होता. तेवढ्याने आमची चिकित्सा संपली. त्या कोडचा अर्थ तरी आम्ही विचारायला हवा होता.

पण दोष केवळ आमच्या गप्प बसण्याचा नाही. ही माहिती कुलुपातही ठेवली जाते. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. सुटे भाग आणि तपासणीची साधने कंपन्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हा त्यातला मुद्दा होता. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने तो मान्य करून १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड केला. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण बाहेरच्या मिस्त्रीला माहिती नाकारली जाते, हे एका सरकारी आयोगाने लिहून ठेवले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्यात वाहनेही आहेत. चोरी रोखण्यासाठी चावीला कुलूप असावे, हे आम्हाला मान्य आहे. गाडीचा मालक सिद्ध झाल्यावरही ज्ञानाला कुलूप का, हा आमचा प्रश्न आहे.

या गॅरेजांत काम कोण करते तेही पाहा. आपल्या वस्त्यांतली किती मुले दहावीनंतर पाना हातात घेतात! गाडीखाली ती झोपतात, ग्रीस त्यांच्या अंगाला लागते. स्कॅनर मात्र दुसऱ्याच्या हातात असतो. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी गव्हर्नर जनरलना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य मुलांच्या तांत्रिक शिक्षणाची मागणी आहे. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांना शिकाऊ म्हणून घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. त्या काळातले सर्वांत पुढचे यंत्र जिथे होते, तिथे आपली मुले गेली पाहिजेत, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. आज ते यंत्र गाडीत पायाजवळच्या डब्यात आहे.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. कोणी पार्ट बदला म्हटले की तीन प्रश्न विचारा : कशावरून, कशामुळे, आणि नवा पार्ट कशामुळे वाचेल? तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका. आणि गॅरेजात काम करणाऱ्या आपल्या भावंडांना मल्टिमीटर घेऊन द्या. तो काही शे रुपयांत मिळतो.

पहिला, मेलेला ईसीएम आम्ही भंगारात दिला नाही. तो झाकण काढून अभ्यासिकेच्या टेबलावर ठेवला आहे. चाचा दर रविवारी तासभर येतात. सध्या पाच मुले आणि दोन मुली बसतात. मावशींच्या मुलालाही आम्ही जाऊन सगळे सांगितले, गाडी का बंद पडली आणि आता का पडणार नाही. त्याने ऐकून घेतले. गेल्या महिन्यापासून मावशी पुन्हा आमच्या गाडीतून जातात.