चालत्या गाडीतला डाव

सावेडी, नगर

चि. ओंकार,


लीड्सच्या जुन्या बाजारात घेतलेल्या बुद्धिबळाच्या डब्याचे फोटो पाहिले. मोहऱ्यांच्या बुडाशी खुंट्या आणि पटाच्या घराघरात भोक कशाला, असं विचारलंस. गाडी हलली तरी डाव हलू नये म्हणून! कडेची जादा भोकं मारलेली मोहरी खोचायला.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज माणूस बोटीतून, आगगाडीतून सारखा फिरू लागला आणि अर्धवट राहिलेला डाव त्याच्या जिवाला लागला. तू वापरतोस त्या समानार्थी शब्दांच्या कोशाचा कर्ता पीटर मार्क रॉजेट, त्यानेच १८४०च्या दशकात खिशात मावणारा घडीचा पट काढला. त्यात चपटी मोहरी चिरांमध्ये खोचायची. १८४९मध्ये स्टाँटन मोहरी बाजारात आणणाऱ्या लंडनच्या जॅक्स कंपनीचा ‘इन स्टाटु क्वो’ पट तर कमालच. कडेची कळ फिरवली की सगळी मोहरी जागच्या जागी घट्ट. पट मिटा, स्टेशनावर उतरा, पुढच्या गाडीत बसून पुढची खेळी करा.

आपल्याकडचा पट कापडी, तुझ्या पणजोबांचा होता तसा. घरं दोऱ्याने आखलेली; काळी-पांढरी नाहीत, काहींत नुसत्या फुल्या. मोहरी लाकडाची, कातलेली, गोलसर. घोड्याला कान नाहीत, हत्तीला सोंड नाही, त्यामुळे बटव्यात कितीही आदळली तरी तुटायला काही नाहीच. पट गुंडाळला की मूठभर.

पण डाव मात्र त्यात टिकत नाही. मला वाटतं, त्याची गरजच नव्हती. बैलगाडीच्या हिसक्यात कोण खेळणार? मुक्काम पडला, सतरंजी अंथरली, मगच पट निघायचा. उरलेला डाव ज्याचा त्याने डोक्यात ठेवायचा. आणि तशी डोकी होती! दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्रींनी ‘विलासमणिमंजरी’ हा संस्कृत ग्रंथ रचला, त्याचा इंग्रजी अनुवाद १८१४ साली मुंबईत छापला गेला. त्यात मुख्यतः अटीतटीला आलेल्या डावांच्या मांडण्याच आहेत.

ऑगस्ट १८०३मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, पुढे इथे छावणी वसली. साहेबांच्या घडीच्या खुर्च्या-पलंगांबरोबर तुझ्या डब्यासारखे डबेही आले असणार, असा माझा आपला तर्क.

आता एक काम कर. पांढरं मोहरं भिंगाखाली धर. बारीक काळपट ठिपके दिसले तर हाड. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. हस्तिदंत निघालं तर दिवाळीला येताना डबा मुळीच आणू नकोस, कस्टमवाले धरतील. तिकडेही २०२२पासून त्याच्या खरेदी-विक्रीवर जवळजवळ पूर्ण बंदी आहे, तेव्हा विकणाऱ्याला आधीच विचारायला हवं होतंस. हाड असेल तर खुशाल घेऊन ये. फक्त खुंट्या जोर लावून दाबू नकोस, जुनं हाड बुडाशीच मोडतं.

तुझा,
काका