उघड्या पाण्याची राखण

तरंगत्या पाणवनस्पती वाढवण्यात अवघड काही नाही. त्या आपल्या आपण वाढतात. त्यांना वेळेवर बाहेर काढणं अवघड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या माझ्या सांदवाडीतल्या टाक्यावर इतकी वर्षं खपल्यानंतर मला वाटतं, या कामातलं खरं कसब तेवढंच आहे.

टाक्यात पाला पडतो, मासे घाण करतात, पावसात वाडीतलं शेणखत वाहून येतं. या सगळ्यातलं नत्र आणि स्फुरद पाण्यात विरघळलं की पाणी हिरवं होतं. तरंगत्या वनस्पतींची मुळं मातीत जात नाहीत, पाण्यातच लोंबतात. त्यामुळे त्या आपलं सगळं खाद्य पाण्यातूनच ओढतात, आणि वरून सावली धरल्यामुळे शेवाळाला ऊनही मिळत नाही. पण ओढलेलं खाद्य त्या स्वतःच्या अंगात साठवतात. तिथेच कुजल्या की सारं परत पाण्यात. म्हणून घमेलं भरून जी वनस्पती टाक्याबाहेर जाते, तेवढीच खरी सफाई. रोपं सोडून निर्धास्त झालेल्या माणसाचं पाणी वर्षभरात पहिल्यापेक्षा वाईट होतं.

टाकं सिमेंटचं असेल तर आधी पाणी भरून काही दिवस ठेवावं आणि सोडून द्यावं. सिमेंटमधला चुना निघून जाईपर्यंत हे पुन्हापुन्हा करायचं. नव्या टाक्यात सोडलेले मासे मरतात ते बहुधा या चुन्याने.

माझ्याकडे मुख्य रोप जलकुंभीचं. पाण्यावर ठेवलेल्या कोबीच्या गड्ड्यासारखं दिसतं, पानं मखमली, खाली मुळांचा झुपका. तिच्या पानांवरून पाणी वाचता येतं. पानं फिकी, लहान आणि थोडी पिवळसर असतील तर पाण्यात खाद्य कमी आहे. आपल्याला वाईट वाटतं, पण पाण्याची तब्येत उत्तम असते. पानं गडद आणि भलीमोठी झाली की समजावं, कुठून तरी खत शिरतंय. अशा वेळी आणखी रोपं आणू नयेत, खत शिरण्याची वाट शोधावी.

अझोला वेगळ्या हौदात ठेवतो. या इवल्याशा नेच्याच्या पानात एक निळं-हिरवं शेवाळ राहतं, ते हवेतलं नत्र धरतं. म्हणूनच धानाच्या बांधीत त्याला मान आहे. हवामान मानवलं तर तीन ते पाच दिवसांत तो दुप्पट होतो. स्फुरद कमी पडलं किंवा ऊन फार झालं की लाल पडतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६–४७ अंशांवर जातो, त्या दिवसांत अझोला उघड्यावर टिकतच नाही. त्याला हिरव्या जाळीखाली, दाट सावलीत जपावं लागतं. पाण्याची घट मी संध्याकाळी भरून काढतो. बोअरचं पाणी जड, काठावर पांढरी रेघ सोडतं. म्हणून पावसाचं साठवलेलं पाणी पुरेल तितके दिवस तेच वापरतो.

आता मापाचं बोलतो. अर्ध्याहून अधिक पाणी मी कधीच झाकू देत नाही. पृष्ठभाग पूर्ण झाकला की हवेचा प्राणवायू पाण्यात फारसा उतरत नाही, आणि आत उजेड नसल्यामुळे पाण्याखालच्या वनस्पतीही तो तयार करू शकत नाहीत. पहाटे हे कळतं. प्राणवायू तेव्हा सर्वांत कमी असतो, आणि मासे तोंड वर काढून हापापलेले दिसतात. त्याच दिवशी घमेलं उचलायचं, उद्यावर टाकायचं नाही.

उघड्या पाण्याचं दुसरं कारण डास. शेजारचा गडचिरोली हा हिवतापाने फार गांजलेला जिल्हा, आणि हत्तीरोगही चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांना नवा नाही. अशा मुलखात घराशेजारी पाणी साठवायचं तर जबाबदारीने. गप्पी मासे अळ्या खातात, पण दाट झाकलेल्या पाण्यात ते सगळीकडे पोहोचू शकत नाहीत. मॅन्सोनिया डासाची अळी तर जलकुंभीच्या आणि जलपर्णीच्या मुळांना टोचून तिथूनच हवा घेते, श्वासासाठी वर येतच नाही. त्यामुळे रोपं काढताना मुळं तपासतो आणि काठावर उन्हात वाळवूनच खतात घालतो.

जलपर्णी मात्र मी ठेवत नाही. तिचं जांभळं फूल देखणं आहे, हे मान्य. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती फुलासाठीच जगभर फिरवली गेली. बंगालमध्ये तिच्यामुळे नद्या-खाड्या अशा तुंबल्या की १९३६ साली खास कायदा करावा लागला. आमच्या चंद्रपुरात परकोटाला लागून असलेल्या गोंडकालीन रामाळा तलावावर तिचा हिरवा थर मी पाहिला आहे. तिथे सांडपाणी येत राहिलं, आणि जलपर्णीला हवं ते सगळं मिळत गेलं. २०२१ साली इको-प्रो या पर्यावरण संस्थेचे बंडू धोतरे त्या तलावासाठी अन्नत्याग सत्याग्रहाला बसले. शहराच्या तलावाचं दुखणं आणि माझ्या टाक्याचं दुखणं एकाच जातीचं आहे: पाण्यात येणारी घाण थांबत नाही आणि वाढलेलं कुणी बाहेर काढत नाही.

हे काढणं आणि लावणं ज्यांना खरं कळतं ते ढिवर, म्हणजे आमच्याकडचे मासेमार. पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, त्यांच्या हाताखालून गेल्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, कोणती पाखरं खातात, हे त्यांना पिढ्यांपासून ठाऊक. भंडारा-गोंदियाकडे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ज्ञानाला धरूनच तलावांमधली बेशरमाची झुडपं उपटली आणि ढिवर स्त्री-पुरुषांसोबत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे परतले. बागेतल्या टाक्याचा विचार करणाऱ्याने नर्सरीच्या आधी गावच्या बोडीकडे आणि ढिवरांकडे जावं, असं माझं ठाम मत आहे. शिंगाडासुद्धा त्यांच्याकडूनच मागावा. फुगीर देठांवर तरंगणारी त्याची पानांची चक्रं शोभेला कुठेच कमी नाहीत. फक्त बी वाळू देऊ नये. वाळलेला शिंगाडा उगवत नाही. पानं खाणारे भुंगेरे दिसले की हाताने वेचावेत, टाक्यात औषध फवारू नये.

मृगाच्या आधी मी सांडव्याच्या पाइपाला बारीक जाळी बांधतो. आमच्या वाडीतलं पाणी नाल्याला, नाल्याचं उमा नदीला, उमेचं वैनगंगेला आणि पुढे प्राणहितेतून गोदावरीला जातं. त्या वाटेवर माझ्या टाक्यातलं एकही रोप जाऊ नये. जलकुंभी मागायला येणाऱ्याला मी आधी विचारतो, तुमचं टाकं भरून वाहिलं की पाणी कुठे जातं? उत्तर पटलं तरच देतो. अझोल्याचंही तेच, फक्त त्याला मी हात आखडता घेत नाही. तो दारच्या कोंबड्यांना खाऊ घालायचा असेल तर भांडं मोठंच आणावं.